उजवीकडचं नाणं

"तो निळा डबा बघा, अगदी कडेला आलाय. डावीकडे एक नाणं टाकलंत तर पडेल की," मी म्हणाले.

म्हणाले सासूबाईंना, पण भिंतीशी बोलावं तसं. माझ्या एका हातात नाचणीच्या पेजेची मोठी सिरिंज होती आणि दुसऱ्या हातात त्यांच्या नाकातून आलेली नळी. झटका येऊन गेल्याला अर्धं वर्ष होत आलं होतं. मान हलत नव्हती, जीभ हलत नव्हती, हातपाय लाकडासारखे पडलेले. डाव्या हाताचं पहिलं बोट तेवढं हलायचं. डोळे उघडे असायचे, पण ते छतावर नाहीतर पंख्यावर. कराडच्या मोठ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर वाकून "आजी, डोळे मिटा बघू, आजी!" असं मोठ्यानं दोन-तीनदा म्हटलं होतं. त्यांनी मिटले नाहीत. डॉक्टरांनी आमच्याकडे बघून ओठ मुडपले. त्या दिवसापासून त्यांना काही समजत नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

फोनची कल्पना तबस्सुमची. ती फिजिओथेरपी द्यायला घरी यायची. तिनं माझ्या नवऱ्याचा जुना फोन मागून घेतला, खाटेच्या कठड्याला चिमट्यानं लावला आणि त्यात हा खेळ घालून दिला. "फुकटचा आहे काकू, पैसे नाही लागत. बोट हलतं राहिलं म्हणजे झालं." खेळ असा, की काचेच्या पेटीत सोनेरी नाण्यांचा ढीग असतो आणि मागं एक फळी सारखी पुढं-मागं सरकत असते. पडद्याला जिथं बोट लावाल तिथं वरून एक नाणं पडतं. फळी त्याला ढकलते, ते पुढच्यांना रेटतं, आणि अगदी कडेला आलेली नाणी खाली पडली की ती आपली. अधूनमधून डबे, हिरे, बाहुल्या असलं काहीबाही. आपल्याजवळची नाणी संपली की थोडा वेळ थांबायचं किंवा एखादी जाहिरात बघायची, की पुन्हा मिळतात. सासूबाईंचं बोट दिवसभर त्या पडद्यावर टेकत असायचं. आम्हाला तो नुसता चाळा वाटायचा.

मी डब्याचं बोलले आणि बोट डावीकडे सरकलं. पण लगेच टेकलं नाही. फळी पुढं आली, मागं गेली. ती पार मागं गेल्यावर मग बोट टेकलं. नाणं बरोबर फळीच्या पुढ्यात पडलं, ढिगाला रेटा बसला आणि निळा डबा खाली घसरला.

पेज माझ्या अंगावर सांडली.

"आई," मी म्हणाले, "आता उजवीकडे टाका."

उजवीकडे पडलं.

"पुन्हा डावीकडे."

बोट हललं नाही. त्यांनी डोळे फोनवरून काढले आणि माझ्याकडे वळवले. ती नजर मी ओळखत होते. पोरखेळ पुरे, अशी नजर. त्या घरात आल्यापासून ती मी कितीदा झेलली असेल.

सासूबाई, शालन कोपर्डे, म्हणजे काय होतं हे आता सांगितलं पाहिजे. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडायच्या. नवरा लवकर गेला, दोन मुलं त्या नोकरीवर वाढवली. आवाज असा, की गावातले व्यापारी म्हणे नुसत्या आवाजावरून त्यांना ओळखायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, "फोनवर ओरडू नकोस, वृषाली. आणि मुद्द्याचं बोल. लाइन अडकते." तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींशी मुद्द्याचंच बोलत आलो. भाजी कुठली, दूधवाला आला का, गॅस संपलाय. भांडण असं कधी झालं नाही. भांडायलाही थोडी माया लागते.

आणि आता त्या आजारी पडल्यावर शाळेतली ग्रंथपालाची नोकरी सोडून मी त्यांचं करत होते. नवरा हेमंत साखर कारखान्यात केमिस्ट. त्यांना हंगामात उसंत नसायची. नणंद मंजिरी बडोद्याला.

मी खोलीचं दार लोटलं, का कोण जाणे. घरात तर कुणीच नव्हतं.

"आई, उजवीकडे म्हणजे हो, डावीकडे म्हणजे नाही. चालेल?"

उजवीकडे.

"तुम्हाला सगळं कळतंय?"

उजवीकडे.

"पहिल्यापासून?"

फळी मागं जाईपर्यंत थांबून त्यांनी उजवीकडे नाणं टाकलं. प्रश्न काहीही असो, नाणं वाया घालवायचं नाही.

अर्धं वर्ष त्यांच्या उशाशी बसून आम्ही काय काय बोललो होतो. मंजिरी तिथंच रडली होती, "ही माझी आई नाहीच" म्हणून. मी माझ्या बहिणीला त्याच खोलीतून फोनवर म्हणाले होते, "सुटतील तर बरं गं. त्याही आणि मीही." ते सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"डॉक्टर डोळे मिटा म्हणाले, तेव्हा तुम्ही मुद्दामच नाही मिटलेत?"

उजवीकडे.

हसू की रडू कळेना. "आणि मी बहिणीला फोनवर बोलले ते... राग आहे माझा?"

एक नाणं डावीकडे पडलं. मी सुटकेचा श्वास टाकत होते, तेवढ्यात दुसरं उजवीकडे पडलं.

मग मी विचारलं, "हेमंतना सांगू? तुम्हाला कळतंय म्हणून?"

डावीकडे. मी पुन्हा विचारलं. पुन्हा डावीकडे.

मी सांगितलं नाही. पुढचे काही आठवडे दुपारी आमची ही बोलणी चालत. दुखतंय का, कूस बदलू का, पंखा कमी करू का. पेज गोड झालीय का हे विचारण्यात अर्थ नव्हता, तोंडात काही जातच नव्हतं, तरी मी एकदा विचारलं आणि त्यांनी माझ्याकडे तसंच बघितलं. जुन्या ऑपरेटर बायकांची नावं मला ठाऊक होती ती मी एकेक घेतली. मालू जिवंत आहे का? हो. मधुमती? नाही. एवढ्या वर्षांत त्यांच्याशी इतकं मी कधी बोलले नव्हते.

हेमंत संध्याकाळी यायचे, खाटेपाशी खुर्चीवर बसून पेपर चाळायचे, आईच्या कपाळावर हात ठेवायचे आणि जेवायला उठायचे. सासूबाई तेव्हा डोळे छतावर ठेवून वाटेल तिथं नाणी टाकत. फळीकडे लक्षही न देता. मी ते बघत बसायची.

मग त्यांच्या छातीत कफ साठला, ताप चढला. दवाखान्यात ठेवावं लागलं. निमोनिया उतरला आणि घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी हेमंतना आणि मला खाटेच्या पायथ्याशी उभं करून सांगितलं, "नाकातल्या नळीचं अन्न फुप्फुसात जातंय. हे पुन्हा होणार. पोटात थेट नळी बसवता येईल, आणि कफ ओढायला गळ्याला छिद्र. तसं केलं तर आणखी बराच काळ निघेल. नाहीतर पुढचा निमोनिया अवघड आहे. जबरदस्ती नाही. काही घरचे म्हणतात, आता त्रास नको. विचार करून सांगा."

"विचार कसला करायचा?" हेमंत म्हणाले. "करायचंच."

मी सासूबाईंकडे बघितलं. डोळे छताला लागलेले. फोन घरी होता.

घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन कठड्याला लावला आणि खुर्ची जवळ ओढली.

"तुम्ही ऐकलंत ना, डॉक्टर काय म्हणाले?"

उजवीकडे.

"ते ऑपरेशन तुम्हाला हवंय?"

डावीकडे.

"नीट सांगते. नाही केलं तर..." त्या थांबल्या होत्या. "नाही केलं तर तुम्ही जाल, आई."

उजवीकडे. ते त्यांना ठाऊकच होतं.

मला खात्री करून घ्यायची होती. मी म्हणाले, "आता उलटं करू. डावीकडे म्हणजे हो. ऑपरेशन करू नये, असंच ना?"

बोट डावीकडे निघालं आणि नाणी संपली. पडद्यावर पाटी आली, जाहिरात बघा, नाणी मिळवा. मी बटण दाबलं. कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली. एक बाई हसत हसत पांढरा शर्ट उन्हात झटकत होती. आम्ही दोघी ती बघत राहिलो. मधेच बंद करता येत नव्हती. जाहिरात संपली, नाणी आली. त्यांनी फळी मागं जाण्याची वाट बघितली आणि डावीकडे नाणं टाकलं.

मग मी फोनचा चिमटा सैल केला, त्यांच्या गार हातावर हात ठेवला आणि तशीच बसले. त्यांना ते आवडलं की नाही, विचारलं नाही.

आता न सांगता राहणं शक्य नव्हतं. संध्याकाळी हेमंत हातपाय धुऊन स्वयंपाकघरात आले तेव्हा मी सगळं सांगितलं. निळा डबा, उजवं-डावं, दुपारची बोलणी, आणि शेवटी ऑपरेशनचं. ते ओट्याला टेकून ऐकत होते.

"म्हणजे आईला सगळं समजतं."

"हो."

"आणि हे तुला महिनाभर माहितीये."

"त्यांनी सांगू नको म्हटलं होतं."

"म्हटलं होतं," हेमंत म्हणाले. ते चिडले की घाबरले मला कळेना. "आणि आता ती म्हणते, मला मरू द्या. तुला म्हणते. मला नाही, मंजिरीला नाही. तुला."

"अहो, मी तीनदा विचारलं. उलटसुलट करून विचारलं."

"वृषाली, तू दमलीयेस, मला दिसतं. तुझी नोकरी गेली, झोप गेली. कुणी तुला दोष देणार नाही. पण असलं काही आईच्या नावावर खपवू नकोस."

मी गॅस बंद केला. ते खोटं बोलत होते असंही नाही. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर मलाही तसंच वाटलं असतं. त्यांनी तिथूनच मंजिरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वहिनी, गेममधल्या नाण्यांवरून?" मंजिरी म्हणाली. मग म्हणाली, "दादा, तू स्वतः विचार. वहिनीनं नको. तू."

रविवारी सकाळी हेमंत अंघोळ करून, देवपूजा करून खोलीत आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. परीक्षेला बसल्यासारखे खुर्चीवर बसले. मी दारात उभी राहिले. तिथून मला फोन दिसत होता आणि सासूबाईंचा चेहराही.

"आई," ते म्हणाले, "वृषाली म्हणते, तुला कळतं. उजवीकडे हो, डावीकडे नाही. आई, माझं नाव उमेश आहे का?"

बोट तसंच राहिलं. सासूबाईंनी डोळे उचलले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. सांगू नको म्हटलेलं मी सांगितलं होतं, एवढीच नोंद घेतल्यासारखं. मग त्यांनी डावीकडे नाणं टाकलं.

"माझी मुंज कराडला झाली?"

डावीकडे.

"चिपळूणला, मामाकडे?"

उजवीकडे.

"मुंजीत मी विहिरीत पडलो होतो?"

डावीकडे.

"कोण पडलं होतं? बंडू? बंडू पडला होता ना?"

उजवीकडे. हेमंतनी तोंडावर हात दाबला. पन्नाशीला आलेला माणूस, पण त्यांचा चेहरा पार लहान पोरासारखा झाला. "तू आहेस," ते म्हणाले. "आई, तू इथंच होतीस. मी रोज इथं बसून पेपर वाचत होतो आणि तू..." त्यांनी गादीच्या कडेला, आईच्या हाताशेजारी, कपाळ टेकलं. खांदे हलत होते. तसंच, मान खाली घालून, रडत रडत त्यांनी विचारलं, "आई, ऑपरेशन करू या ना? तू राहशील ना अजून? मला सोडून नको जाऊस गं."

सासूबाई त्यांच्या डोक्याकडे बघत होत्या. विरळ झालेल्या केसांकडे.

बोट डावीकडे गेलं.

मी दारातून बघत होते. फळी मागं गेली, नाणं टाकायची अगदी बरोबर वेळ होती. बोट पडद्याच्या वर, केसाएवढ्या अंतरावर थांबलं. फळी पुढं आली. पुन्हा मागं गेली, पुन्हा पुढं. हेमंतच्या रडण्याशिवाय खोलीत आवाज नव्हता. मग बोट सरकायला लागलं. डावीकडून मधे आलं, मधे थबकलं, आणि मग हळूहळू, दगड ओढून न्यावा तसं, उजवीकडे गेलं.

नाणं पडल्याचा आवाज झाला तेव्हा हेमंतनी डोकं वर केलं. नाणं उजवीकडे होतं. तेवढंच त्यांना दिसलं.

"हो?" ते म्हणाले. "हो म्हणालीस?"

आणखी एक उजवीकडे.

ते उठले, आईच्या कपाळाचे, गालांचे मुके घेतले. असं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. माझ्याजवळून बाहेर जाताना त्यांनी माझा दंड धरला. "तुझा गैरसमज झाला असेल. जाऊ दे. तुझ्यामुळेच कळलं हे." आणि अंगणात जाऊन मोठमोठ्यानं मंजिरीला फोनवर सांगायला लागले.

मी खाटेपाशी गेले.

"आई, हे त्यांच्यासाठी म्हणालात?"

उजवीकडे.

"मी जाऊन सांगते त्यांना. आत्ता सांगते."

त्यांनी डावीकडे नाणं टाकलं. लगेच दुसरं, तिसरं, चौथं. फळी कुठं आहे याच्याकडे न बघता, सगळी वाया घालवत, संपेपर्यंत डावीकडेच.

ऑपरेशन झालं. गळ्याला भोक पडलं, पोटाला नळी आली. कफ ओढायचं यंत्र आलं. ते गळ्यात घातलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि सगळं अंग ताणलं जायचं. पाठीला जखमा झाल्या. त्या धुताना मी हेमंतना खोलीबाहेर पाठवायची. दुखतं का हे मी पुढं विचारायचं सोडून दिलं. उत्तर ठाऊक असलं की विचारवत नाही.

पण संध्याकाळ हेमंतची असायची. कारखान्यातून घाईघाईनं यायचे, खुर्ची ओढायचे आणि बोलत सुटायचे. साहेब काय म्हणाला, गाडी विकू का, हा शर्ट बरा दिसतो का. त्या उजवीकडे-डावीकडे नाणी टाकायच्या, फळी बघून, नेमकी. मायलेकरं आयुष्यात बोलली नसतील एवढी त्या वर्षात बोलली. हेमंतचं वजन वाढलं. लोक म्हणायचे, घरात इतकं आजारपण असून माणूस किती आनंदी आहे. मंजिरीही येऊन राहून गेली, आईशी गप्पा मारून गेली. दिवसा मात्र त्या खेळत नसत. फोन समोर असायचा, पडदा काळा होऊन जायचा. मी त्यांचं सगळं करायची आणि त्या माझ्याकडे बघत राहायच्या. आम्हाला नाण्यांची गरज उरली नव्हती.

दुसऱ्या वर्षी, दिवाळी होऊन गेल्यावर, त्या गेल्या. हेमंत हातात हात घेऊन बसले होते.

याला आता बरीच वर्षं झाली. परवा कारखान्यातले घोरपडे आले होते. त्यांचे वडील दवाखान्यात आहेत, तसलंच दुखणं, तसलीच नळी. घोरपड्यांचा चेहरा उतरलेला. चहा घेता घेता म्हणाले, "काय करावं सुचत नाही. एक मन म्हणतं करावं, एक म्हणतं त्यांचे हाल कशाला?"

"त्यांनाच विचार," हेमंत म्हणाले. "काहीतरी मार्ग निघतो. आमच्या आईचं तर एक बोट चालायचं. पण मी विचारलं, आणि तिनं स्वतः सांगितलं, मला राहायचंय. लेका, त्या एका गोष्टीवर मी सुखानं झोपतो. नाहीतर डोक्यात किडा राहिला असता, आपण तिला उगाच छळलं का म्हणून."

घोरपडे माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्ही होतात तेव्हा?"

"होते."

"स्पष्ट सांगितलं त्यांनी? म्हणजे, अडखळल्या वगैरे नाहीत?"

हेमंत माझ्याकडे बघून मान डोलावत होते. सांग त्याला, म्हणत होते.

"नाही," मी म्हणाले. "जराही नाही. विचारल्याबरोबर हो म्हणाल्या."